चित्रांतला समुद्र

समुद्राचे चित्र काढायला सांगितले की बहुतेक माणसे कागदाच्या मधोमध एक आडवी रेघ ओढतात. रेघेखाली निळा रंग भरतात. वर अर्धा सूर्य, त्रिकोणी शिडाची एक होडी आणि कडेला वाकलेला माड. कन्याकुमारीला राहणारा विद्यार्थी असो, की जन्मात समुद्र न पाहिलेला नागपूरकडचा. दोघांच्या चित्रांत फारसा फरक पडत नाही. कारण दोघेही समुद्र पाहून चित्र काढत नाहीत, पूर्वी कुठे तरी पाहिलेले चित्र आठवून काढतात.

याउलट, जो कोणी खरोखरच कागद घेऊन पुळणीवर बसतो त्याची पहिल्या पाच मिनिटांतच पंचाईत होते. डोंगर जागचा हलत नाही. झाड फार तर डोलते. माणसालाही क्षणभर स्वस्थ बसण्याची विनंती करता येते. समुद्र मात्र कोणाचे ऐकत नाही. पेन्सिल कागदाला टेकेपर्यंत समोरची लाट फुटून गेलेली असते आणि तिच्या जागी आलेली दुसरी लाट पहिलीसारखी नसते. जे एक क्षणभरही स्थिर नाही त्याचे स्थिर चित्र कसे काढायचे, हा प्रश्न शेकडो वर्षे चित्रकारांना पडत आला आहे. त्याची उत्तरे निरनिराळ्या देशांत निरनिराळी मिळाली, आणि ती बरीचशी चित्रकाराच्या हातातील साधनांवर अवलंबून होती. रंगाची पूड ज्यात कालवायची तो डिंक किंवा तेल, ज्याने रंग लावायचा तो कुंचला किंवा सुरी, आणि ज्यावर लावायचा तो कागद, भिंत किंवा कापड या सर्वांना मिळून चित्रकलेत ‘माध्यम’ म्हणतात. माध्यम बदलले की समुद्रही बदलतो.

माध्यमांकडे वळण्यापूर्वी समुद्र नीट पाहायला हवा. दुरून येणारी लाट पाहताना वाटते, की पाणीच आपल्याकडे धावत येत आहे. प्रत्यक्षात खोल समुद्रात पाणी फारसे पुढे सरकत नाही. ते जागच्या जागी वर्तुळाकार फिरते आणि पुढे जाते ती लाटेची हालचाल. लाटेवर तरंगणारा नारळ पाहिला तर हे ध्यानात येते. तो वर चढतो, खाली उतरतो, पण बराच वेळ तिथल्या तिथेच राहतो. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले, की लाटेचा तळ जमिनीला घासून मंदावतो आणि माथा वेगाने पुढे झुकतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली, की माथ्याचा तोल जातो आणि लाट फुटते. म्हणूनच लाटा कुठेही फुटत नाहीत. किनाऱ्याच्या उतारानुसार ठरावीक पट्ट्यातच फुटतात. चित्रात पांढरा फेस वाटेल तिथे पसरला, की पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काही तरी चुकले आहे हे जाणवते.

रंगाचीही तीच गोष्ट. समुद्र निळा असतो हे लहानपणापासून पाठ झालेले वाक्य. पण पावसाळ्यात कोकणच्या खाडीमुखाशी उभे राहिले, तर नद्यांनी वाहून आणलेल्या तांबड्या मातीमुळे पाणी गढूळ तपकिरी दिसते. ढगाळ दुपारी ते शिशासारखे करडे असते. संध्याकाळी पश्चिम किनाऱ्यावर सूर्य लाटेच्या पाठीमागे असतो. तेव्हा फुटण्याच्या बेतात असलेल्या लाटेच्या पातळ माथ्यातून उजेड आरपार येतो आणि तो भाग काचेसारखा हिरवा उजळतो. पुरीच्या किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावर हेच दृश्य सकाळी दिसते, कारण तेथे सूर्य समुद्रातून वर येतो.

खोल समुद्राच्या निळेपणाचा शोध तर एका भारतीयाच्या नावाशी जोडलेला आहे. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे मत त्या काळी मान्य होते. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी इंग्लंडचा सागरी प्रवास केला. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांना त्या मताची शंका आली. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांनी जवळच्या लोलकाच्या साहाय्याने अडवून पाहिला. प्रतिबिंब गेले तरी निळा रंग उरलाच. उलट अधिक खुलला. म्हणजे तो पाण्याच्या आतूनही येत होता. चित्रकाराला सूत्रे ठाऊक नसली तरी हे दुहेरी रूप रोज भेटते. पाण्याला स्वतःचा रंग असतो आणि वर आकाशाची छाया असते. लाटेचा जो उतार आकाशाकडे वळलेला असतो तो आकाशाचा रंग घेतो. जो पाहणाऱ्याकडे वळलेला असतो त्यात पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो.

समुद्रासमोर न बसताही समुद्र रंगविता येतो, याचे फार जुने उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अजिंठ्याची लेणी समुद्रापासून कितीतरी दूर, वाघूर नदीच्या दरीत आहेत. तरीही दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगविलेले आहे. माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर पांढरा थर देऊन तो वाळल्यानंतर ही चित्रे रंगविली गेली. बहुतेक रंग जवळपासच्या माती-दगडांतून मिळत. निळ्यासाठी लागणारा लाजवर्दाचा दगड मात्र दूरदेशाहून यायचा. अशा भिंतीवर ओलेपणाचा, तुषारांचा भास निर्माण करणे अवघडच होते, आणि त्या चित्रकारांचा तो हेतूही नव्हता. त्यांना कथा सांगायची होती. पाणी आहे एवढे कळले, जहाज संकटात आहे एवढे कळले, की पुरे. पुढे पहाडी लघुचित्रांतही हीच वृत्ती दिसते. अठराव्या शतकात गुलेर येथील चित्रकार मानकू याने लंकेच्या वेढ्याची मोठी चित्रमालिका आरंभली. तिच्यातील समुद्र बारीक, लयबद्ध रेषांनी विणलेला आहे. हिमालयाच्या पायथ्याशी बसलेल्या त्या कलावंताने पाण्याचे रूप नव्हे, तर पाण्याची लय पकडली. आज अनेकांना असे पाणी ‘खरे’ वाटत नाही. पण लाटा मोजता येत नाहीत आणि तरी त्या एका तालात येतात, हे सत्य त्या रेषांत आहेच.

रेषेतून समुद्र पकडण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जपानचे आहे. कात्सुशिका होकुसाई याने १८३१ च्या सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर, फुजी पर्वताची ‘छत्तीस दृश्ये’ या मालिकेसाठी एक चित्र केले. ‘कानागावाजवळची महालाट’ या नावाने ते ओळखले जाते. हे चित्र कुंचल्याने रंगविलेले नाही. ते लाकडी ठशांचे मुद्रण आहे. चित्रकाराने रेखाटन करायचे, कोरक्याने ते चेरीच्या लाकडावर कोरायचे, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा करून छापणाऱ्याने एकावर एक रंग उमटवायचे, अशी ती पद्धत. कोरलेल्या ठशात रंग एकमेकांत विरघळत नाहीत. रेघ म्हणजे रेघ आणि सपाट रंग म्हणजे सपाट रंग. ही मर्यादा होकुसाईने सामर्थ्य बनविली. त्याच्या लाटेचा फेस धुरकट नाही. तो नखे काढलेल्या पंज्यांसारखा आहे. खाली ताजी मासळी वाहून नेणाऱ्या तीन निमुळत्या होड्या, त्यांना बिलगून वाकलेले नावाडी, आणि दूरवर, लाटेच्या खोबणीत, इवलासा फुजी. ज्या पर्वताला जपानी माणूस पूज्य मानतो तो एका लाटेपुढे एवढासा झालेला पाहून मन चरकते.

या चित्रातला निळा रंगही ध्यानात घेण्याजोगा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये, दुसराच रंग तयार करण्याच्या खटपटीत, अपघाताने एक गडद निळा रंग हाती लागला होता. ‘प्रशियन निळा’ या नावाने तो जगभर गेला आणि एकोणिसाव्या शतकात जपानी मुद्रकांना परवडेल अशा किमतीत मिळू लागला. होकुसाईच्या चित्रातील बाह्यरेषादेखील काळ्या नाहीत, निळ्या आहेत. कागद अवघा २५ सेंटिमीटर उंच आणि ३७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे शाळेच्या चित्रकलेच्या वहीएवढा! श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हे, तर साध्या माणसाला विकत घेता यावे म्हणून छापलेले हे चित्र २०२४ पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवर झळकत आहे. होकुसाईने चाळिशीतही अशाच लाटेची चित्रे केली होती. ती पाहिली तर त्या लाटा जडशीळ, एखाद्या टेकडीसारख्या वाटतात. मधली जवळजवळ तीस वर्षे त्याला लाट समजून घ्यायला लागली.

जलरंगाचा स्वभाव ठशाच्या अगदी उलट आहे. डिंकात कालवलेला रंग पाण्यात पातळ करून कागदावर सोडला, की तो आपल्या मर्जीने पसरतो. ज्या पाण्याचे चित्र काढायचे तेच पाणी येथे हाताशी काम करत असते. मात्र एक अडचण मोठी आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश. म्हणजे लाटेचा फेस, पाण्यावरची चमक, शिडाची उजळ कड या सर्व जागा आधीच ओळखून कोऱ्या सोडाव्या लागतात. तेलरंगात चूक पुसून पुन्हा रंगविता येते, येथे ती सोय फार थोडी. जलरंगात समुद्र काढणारा माणूस जे रंगवितो त्यापेक्षा जे रंगवत नाही त्यावर त्याचे यश ठरते.

याच अडचणीतून अनेक युक्त्या जन्माला आल्या. खरखरीत कागदावर जवळजवळ कोरडा कुंचला आडवा धरून झरकन फिरविला, तर रंग कागदाच्या उंचवट्यांवरच लागतो आणि खोलगट जागा पांढऱ्या राहतात. उन्हात चमचमणारे पाणी दोन सेकंदांत तयार होते. मेणबत्तीचा तुकडा आधी कागदावर घासला, तर मेणावर रंग धरत नाही आणि फेसाची जाळी उमटते. ओल्या रंगावर जाड मिठाचे खडे टाकले, तर मीठ आजूबाजूचे रंगीत पाणी ओढून घेते आणि वाळूसारखे ठिपके तयार होतात. ही शेवटची युक्ती नवशिक्यांना इतकी आवडते, की पुढे प्रत्येक चित्रात मीठ पडू लागते. ती जेवणातल्या मिठाइतकीच वापरलेली बरी.

इंग्लंडचा जोसेफ मॅलॉर्ड विल्यम टर्नर याने तर कागदाशी झुंजच घेतली. १८१८ साली तो यॉर्कशायरमध्ये एका मित्राच्या घरी पाहुणा होता. सकाळी न्याहारीच्या वेळी मित्राने सहज म्हटले, की लढाऊ जहाज किती प्रचंड असते याची कल्पना यावी असे एखादे चित्र काढावे. टर्नर मित्राच्या थोरल्या मुलाला सोबत घेऊन बसला. त्या घरात पुढे सांगितली जाणारी हकिगत अशी, की त्याने कागद भिजेपर्यंत ओला रंग ओतला, मग तो फाडल्यासारखा ओरबाडला, खरडला, घासला. सगळा गोंधळ दिसत होता, आणि हळूहळू त्यातून जहाज आपल्या दोरखंडांसह वर आले. दुपारच्या जेवणाला चित्र तयार होते. खवळलेल्या पाण्यावरचे पांढरे तुषार हे त्याने नखाने खरडून खालचा कागद उघडा केल्यामुळे उमटलेले आहेत.

याच टर्नरने १८४२ मध्ये हिमवादळात सापडलेल्या आगबोटीचे तैलचित्र प्रदर्शनात मांडले. चित्रात आगबोट शोधावी लागते; सगळीकडे धूर, बर्फ आणि पाणी यांचा भोवरा आहे. हे पाहण्यासाठी आपण स्वतःला चार तास डोलकाठीला बांधून घेतले होते, असे तो सांगे. त्या वेळी त्याचे वय सदुसष्ट होते. अभ्यासकांना या कथेची शंका येते आणि ती रास्तही आहे. टीकाकारांनी तर चित्राला साबणाचा फेस आणि चुना म्हणून हिणविले. त्याचे टर्नरला वाईट वाटले. समुद्र कसा असतो असे यांना वाटते, ते तरी एकदा त्यात जाऊन आले असते तर बरे झाले असते, अशा अर्थाचे तो बोलल्याची आठवण नोंदलेली आहे. डोलकाठीची कथा खोटी असली तरी हा प्रश्न खरा आहे. किनाऱ्यावरून दिसणारा समुद्र आणि बुडण्याच्या भीतीत दिसणारा समुद्र एक नसतो.

ही भीती जवळून ओळखणारा दुसरा चित्रकार म्हणजे अमेरिकेचा विन्स्लो होमर. १८८१-८२ मध्ये तो इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कलरकोट्स या कोळ्यांच्या गावी राहिला. तेथे त्याने होड्यांपेक्षा वाट पाहणाऱ्या कोळिणी अधिक रंगविल्या. नंतर तो अमेरिकेतील मेन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर जाऊन राहिला. उष्ण प्रदेशातील बेटांच्या प्रवासात त्याने झपाट्याने जलरंगचित्रे केली, आणि त्यांच्या आधारे १८९९ मध्ये ‘गल्फ स्ट्रीम’ हे तैलचित्र पूर्ण केले. डोलकाठी मोडलेली एक होडी, तिच्यावर आडवा झालेला एक एकटा कृष्णवर्णीय खलाशी, भोवती शार्क मासे. दूर एक जहाज आहे, पण खलाशी दुसरीकडे पाहतो आहे. त्या माणसाचे पुढे काय होते, असे काही प्रेक्षकांनी विचारले. तेव्हा होमरने उपरोधाने कळविले, की त्याची सुटका होईल, तो घरी जाईल आणि सुखाने नांदेल. जलरंगात जे निळेशार, प्रसन्न पाणी त्याने टिपले होते तेच तेलरंगात जड आणि क्रूर झाले. एकाच हाताने, एकाच समुद्राची केलेली ही दोन माध्यमांतील रूपे आहेत.

तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेले असतात. ते वाळायला दिवस, कधी आठवडे लागतात. त्यामुळे रंग एकमेकांत मिसळत राहता येते, जाड थर देता येतो, पातळ पारदर्शक थर एकावर एक चढविता येतात. समुद्राला हे सर्व उपयोगी पडते. फ्रान्सचा गुस्ताव कूर्बे १८६९ मध्ये एत्रता या किनाऱ्यावरील गावी लाटांची चित्रे करीत होता. कथाकार मोपासाँ तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. त्याने कूर्बेला काम करताना पाहिले आणि नंतर त्याचे वर्णन लिहून ठेवले. रिकाम्या मोठ्या खोलीत एक लठ्ठ, कळकट माणूस स्वयंपाकाच्या सुरीने कापडावर पांढरा रंग थापत होता. मधूनच खिडकीच्या काचेला तोंड लावून बाहेरचे वादळ पाहत होता. समुद्र इतका जवळ होता, की लाटा घरावरच आपटत आहेत असे वाटे. कूर्बेच्या लाटा भिंतीसारख्या घट्ट दिसतात. पाणी वजनदार असते, अंगावर आले तर हाडे मोडते, हे त्या सुरीने थापलेल्या रंगाइतके क्वचितच कोणी सांगितले असेल.

क्रिमियातील फिओदोसिया बंदरात जन्मलेला इव्हान आयव्हाझोव्स्की याची रीत अगदी वेगळी होती. वीज, वाऱ्याचा झोत, लाटेची उसळी यांचे समोर पाहून चित्र करताच येत नाही, असे त्याचे ठाम मत होते. तो पाहून घेई आणि मग आपल्या चित्रशाळेत बसून स्मरणाने रंगवी. १८५० सालचे त्याचे ‘नववी लाट’ हे चित्र सव्वातीन मीटरहून अधिक रुंद आहे. वादळी रात्रीनंतरची पहाट, मोडक्या डोलकाठीला धरून राहिलेली माणसे, आणि मागून येणाऱ्या उजेडाने पारदर्शक झालेला लाटेचा माथा. तैलरंगाच्या पातळ थरांतून प्रकाश आत जाऊन परत येतो, म्हणून ती लाट आतून पेटल्यासारखी भासते. त्याने सुमारे सहा हजार चित्रे केली, असे मानतात. एवढी चित्रे केली की काहींत तोचतोचपणा येणारच, आणि तो आला आहे. आपल्याकडे राजा रविवर्मा यांनीही तैलरंगात समुद्र रंगविला. सेतू बांधण्यापूर्वी वाट न देणाऱ्या समुद्रावर धनुष्य रोखून उभा असलेला त्यांचा राम प्रसिद्ध आहे. खडकावर आपटणारे पाणी आणि वाऱ्यावर फडफडणारे वस्त्र यांत मानकूच्या रेषांचा मागमूसही नाही. कथा तीच, पण माध्यम बदलताच समुद्र नक्षी न राहता ओला झाला.

चित्रकाराने घर सोडून किनाऱ्यावर यावे यासाठी एक छोटीशी वस्तू कारणीभूत ठरली. पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. टोचून रंग काढला, की पिशवी नीट बंद होत नसे. १८४१ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने दाबता येणाऱ्या कथलाच्या नळीचे पेटंट घेतले. आज टूथपेस्ट ज्या नळीतून निघते तिचीच ही पूर्वज. रंग खिशात मावू लागले आणि पुढील काही दशकांत फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर चित्रकारांची वर्दळ सुरू झाली.

त्यांत यूजेन बूदँ हा खलाशाचा मुलगा होता. आकाशाची घाई पकडण्यासाठी तो पेस्टलच्या खडूंनी झटपट चित्रे करी. खडूला वाळण्याची वाट पाहावी लागत नाही; बोटाने पुसले, की ढग मऊ होतो. अशा चित्रांवर तो तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवी, कोळ्याने दर्यावर जाण्यापूर्वी करावी तशी. लोकांची व्यंगचित्रे काढून पैसे मिळविणाऱ्या क्लोद मोने या तरुणाला उघड्यावर रंगवायला त्यानेच ओढून नेले. १८७२ सालचे मोनेचे ल हाव्र बंदराचे चित्र पुढे एका संपूर्ण चित्रपंथाला नाव देऊन गेले. त्या चित्रातला नारिंगी सूर्य लखलखतो. पण चित्राचे कृष्णधवल छायाचित्र घेतले, तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! तो भोवतालच्या करड्या आकाशापेक्षा उजळ नाहीच. त्याचा फक्त रंग वेगळा आहे. सूर्य दाखवायचा म्हणून त्यात पिवळा-पांढरा रंग ओतणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

उघड्यावर रंगविण्याची किंमतही मोजावी लागे. १८८५ च्या नोव्हेंबरात मोने एत्रताच्या कड्याखाली बसून काम करीत होता. भरती-ओहोटीच्या वेळेचा त्याचा अंदाज चुकला. एका मोठ्या लाटेने त्याला कड्यावर आपटले आणि साहित्यासह खाली ओढले. तो कसाबसा चार पायांवर रांगत बाहेर आला. चित्र, ईझल, पिशवी सगळे गेले. हातातली रंगाची पाटी तोंडावर आदळून दाढी निळ्या-पिवळ्या रंगांनी माखली. आपण त्या क्षणी संपलो असे वाटले होते, हे त्याने पत्रात कळविले. आणि त्याचबरोबर चित्र गेल्याची हळहळही.

किनाऱ्याचे चित्र म्हणजे केवळ पाणी नव्हे. ओली पुळण हा एक स्वतंत्र विषय आहे. लाट मागे सरली, की काही क्षण वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि वाळू आरसा होते. त्यात माणसाचे प्रतिबिंब पायाला चिकटून खाली उतरते. कोरड्या वाळूत मात्र प्रतिबिंब नसते, सावली असते, आणि सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते. या दोहोंची गल्लत चांगल्या चांगल्या चित्रांत आढळते. दुसरी बाब फेसाची. फेस पांढरा खरा, पण सावलीतला फेस निळसर किंवा जांभळट करडा असतो. सगळा फेस शुभ्र ठेवला, की तो कापसासारखा दिसतो.

स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या होआकिन सोरोयाला हे सारे हातच्या मळासारखे होते. ऊन-वाऱ्यात मोठमोठी कापडे उभी करून तो किनाऱ्यावरच काम करी. १८९४ च्या त्याच्या चित्रात मासेमारीहून परतलेली होडी बैलजोडी लाटांतून ओढून आणते आहे आणि फुगलेल्या शिडातून ऊन गाळून येत आहे. तो किनारा सहलीला आलेल्यांचा नाही, कष्टकऱ्यांचा आहे. कोकणातली किंवा ओडिशातली कोळीवस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते बैल परके वाटले तरी ती ओढाताण परकी वाटणार नाही.

तैलरंग महाग पडतात. शिकणाऱ्याला पोस्टर रंग अधिक सोयीचे, कारण ते अपारदर्शक असतात आणि गडद पाण्यावर शेवटी पांढरा फेस देता येतो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मिळू लागलेले ॲक्रिलिक रंग पाण्यात कालवता येतात, पण वाळले की पाण्याने निघत नाहीत. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात तर ते पाटीवरच वाळून जातात. जलरंगाचे उलट. दमट हवेत कागद तासभर ओला राहतो आणि घाईने दिलेला दुसरा थर पहिल्याला घेऊन बुडतो. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्यांच्यासाठी कोळशाचा तुकडाही पुरतो. रंग नसले म्हणजे निदान प्रकाश कुठे आहे, हे तरी नीट पाहावे लागते.

पुरीच्या किनाऱ्यावर तर पुळण हेच माध्यम झाले आहे. सुदर्शन पटनाईक यांची वाळूशिल्पे देशभर परिचित आहेत. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ओल्या वाळूचे कण त्यांच्यामधल्या पाण्यामुळे एकमेकांना धरून राहतात. ऊन लागले, की ते पाणी उडून जाते आणि कडा ढासळू लागतात. येथे चित्रकाराने समुद्राला थांबविलेले नसते. समुद्रच ठरवितो, की शिल्प किती वेळ राहणार.

वाळूने दुसऱ्या रीतीनेही चित्रांत शिरकाव केला आहे. मोनेने १८७० च्या उन्हाळ्यात त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर आपल्या पत्नीचे एक छोटे चित्र केले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या त्या चित्राच्या रंगात वाळूचे कण आणि शिंपल्यांचे बारीक तुकडे अडकलेले आढळले आहेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉग पुढे होकुसाईच्या लाटांमध्ये पंजे पाहणार होता. पण १८८२ च्या ऑगस्टमध्ये तो तैलरंगाचा नवशिका होता आणि हॉलंडमधील श्वेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर वादळात चित्र काढीत उभा होता. वारा इतका, की नीट उभे राहता येईना. उडणारी वाळू ओल्या रंगावर येऊन बसली. ती त्याला रंगासकट खरवडून काढावी लागली आणि चित्र पुन्हा करावे लागले. २००२ च्या डिसेंबरात ते चित्र ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेले. चौदा वर्षांनी, २०१६ मध्ये, इटलीत नेपल्सजवळ सापडले. डाव्या कोपऱ्यातला रंगाचा एक टवका तेवढा उडाला होता. वाळूचे कण जागच्या जागी होते.